राहिलेले गुरुवार

आमच्या वाडीत कोणालाही विचारा, कोंडाबाईकडे कोणाची पाळी बाकी आहे का म्हणून. लोक तुम्हालाच हसतील. तिचं लग्न होऊन ती या वाडीत आली तेव्हापासून सावडीत आवणी करतेय, पण कोणाचा एक दिवस अंगावर ठेवला नाही या बाईनं.

खालच्या गावातल्यांना सावड म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमची वाडी डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगराकडं. भाताची खाचरं एवढी एवढीशी, एकाखाली एक. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, माणूस तर पुष्कळ लागतं आणि मजूर लावायची ऐपत कोणाची नाही. म्हणून आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. तू माझ्याकडं जितके दिवस वाकलीस, तितके दिवस मी तुझ्याकडं वाकायचं. लिहिलेलं कुठं काही नसतं, पण विसरतही कोणी नाही. आणि ज्या घरानं पाळ्या फेडल्या नाहीत, त्या घराचं रोप पुढच्या वर्षी तसंच पिवळं पडतं. कोणी भांडत नाही, फक्त कोणी येत नाही.

कोंडाबाई माझी सख्खी आत्या, माझ्या बापाची बहीण, आणि आता सासू. तिच्या मोहितला मला दिली. लग्नाआधी मी तिला अगं-तुगं करायचे, लग्नानंतर तुम्ही-तुम्ही करायला लागले. राग आला की मात्र अजून ‘तू’च निघतं तोंडातून. आणि राग येण्यासारखी बाई आहेच ती. मोहित पोटात होता, आठवा महिना, तर ही ठकूबाईच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी. ठकूबाई आमची शेजारीण. ती म्हणाली, अगं जा की घरी. तर ही म्हणते कशी, “पोर झाल्यावर लई दिवस राहत्याल माझे. आत्ताच फेडून टाकते.” म्हणजे अजून न आलेल्या पाळ्यासुद्धा हिनं आधी फेडल्या. असल्या माणसापुढं काय बोलायचं?

तिच्या हातांचं दुखणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. सुरू झालं म्हणजे मला तेव्हा कळलं, ती कधीपासून अंगावर काढत होती कोण जाणे. एक दिवस सकाळी बघितलं तर चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला, लहान पोरं धरतात तसा. मी म्हटलं, “काय झालं हाताला?” तर म्हणे, “गार लागतंय.” चैत्रात. मग भाकरी एका बाजूला जाड यायला लागली. मग एक दिवस मला म्हणाली, “माझी वेणी घाल गं.” तेव्हा हात हातात घेऊन बघितले. बोटांचे सांधे दोन्हीकडचे सारखे सुजलेले, गरम. मूठ वळून दाखवा म्हटलं तर अर्ध्यातच थांबली. दुपार झाली की जरा सैल व्हायची, म्हणून दुपारनंतरच लोकांत मिसळायची.

मामा, म्हणजे माझे सासरे हौशीराम, त्यांनी निरगुडीचा पाला आणून दिला. तो गरम करून रात्री बांधायचा. बरं वाटायचं तेवढ्यापुरतं. मग औषधाच्या दुकानातल्या गोळ्या. नाव-गाव काही नाही, “ती लाल गोळी द्या, गुडघ्याची,” एवढं सांगितलं की कागदात बांधून मिळायची. आमच्याकडं निम्म्या बायका त्या लाल गोळीवर आवणी करतात, खोटं नाही सांगत. सकाळी भाकरीबरोबर एक, दुपारी एक. पोटात आग पडायला लागली तेव्हा त्यावर पांढरी गोळी वेगळी. मी आरडाओरडा केला की तेवढ्यापुरती बंद, मी पाणी आणायला गेले की चालू.

त्यानंतर आली पुडी. भीमाशंकरच्या रस्त्याला एक माणूस पथारी टाकून जडीबुटी विकायला बसायचा. मुळ्या, साली, कसली कसली तेलं. त्याच्याकडची तपकिरी पुडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी आत्यानं घागर उचलली. देवाशपथ. त्या वर्षीची आवणी तिनं अशी केली की पोरी मागं पडल्या. मीही म्हटलं, चला, सुटलो. तोंड भरून आलं तिचं, गाल गोल झाले. वाडीतल्या म्हणायच्या, कोंडाबाई सुधारली हां. पुडी संपेपर्यंत सुधारली. तो पथारीवाला एक दिवस कुठं गेला ते त्यालाच ठाऊक, आणि ही चार-सहा दिवसांत अंथरुणाला खिळली. उठली की डोळ्यांपुढं अंधारी, पाणी प्यायलं तरी उलटी, आणि सांधे पहिल्यापेक्षा दुप्पट.

तेव्हा मोहितनं पिकअपमध्ये घालून मंचरला नेली. तो बाजार समितीत भाजी वाहतो, तिथं त्याच्या ओळखीच्या कोणीतरी सांध्यांच्या डॉक्टरीण बाईंचं नाव सांगितलं. बाई भल्या. ओरडल्या नाहीत. आत्याचे हात हातात घेऊन एकेक बोट दाबून बघितलं, रक्त काढलं, आणि म्हणाल्या हा आमवात आहे. वयानं झिजलेले गुडघे वेगळे आणि हे वेगळं. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. पुडीत बहुतेक स्टेरॉइड असणार. ते औषध वाईट नाही, मीही देते, पण मोजून देते आणि हळूहळू कमी करत आणते. तुम्ही आंधळेपणानं घेतलंत आणि एकदम सोडलंत.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कितीजणींना सांगितलं असेल. म्हणाल्या, “दुखणं झाकणारी औषधं वेगळी आणि रोग आवरणारी वेगळी. लाल गोळी झाकते. लगेच बरं वाटतं, पण आत सांधा वाकडा व्हायचा तो होतोच, वर मूत्रपिंड आणि पोट खराब. रोग आवरणारं औषध लागू पडायला दोन-तीन महिने घेतं. तेवढा धीर धरणार का?”

आत्यानं एकच विचारलं. “आवणीपतूर हात चालत्याल का?”

बाई म्हणाल्या, “नीट घेतलंत तर चालतील.”

त्या दिवसापासून आमच्या घरात गुरुवार आला. मेथोट्रेक्झेट. हे नाव मला आता झोपेत विचारलं तरी सांगीन. आठवड्यातून एकदाच, चार बारक्या गोळ्या, गुरुवारी जेवून. दुसऱ्या दिवशी एक जीवनसत्त्वाची. महिन्याला रक्त तपासायचं. रोज घ्यायची नाही हे बाईंनी माझ्याकडून वदवून घेतलं, आत्याकडून वदवून घेतलं, मोहितला आत बोलावून त्याच्याकडूनही. “विसरलात तर पुढच्या गुरुवारी दुप्पट घ्यायची नाही,” हेही सांगितलं. आत्यानं मान हलवली. तिला तर आवडलंच ते. एक वार ठरलेला, त्या वारी आपली पाळी. बुधवारी रात्रीच म्हणायची, “उद्या माझी पाळी हाय बरं का.”

आणि लागू पडलं. पहिल्या महिन्यात काही नाही, मळमळ तेवढी. दुसऱ्यात सकाळी मूठ वळायला लागली. होळीच्या पोळ्या तिनं केल्या, स्वतः लाटून. मी चुलीपुढं बसले होते, मला रडू आलं. ती म्हणाली, “धूर लागतोय का गं?” मी म्हटलं, “व्हय.”

मग ओतूरच्या नणंदेचं, आत्याच्या लेकीचं, दुसरं बाळंतपण आलं. तिच्या घरात करणारं बाईमाणूस नाही म्हणून आत्या गेली महिन्याभरासाठी. मी पिशवीत गोळ्या घालून दिल्या, त्या तिनं निघताना हळूच काढून ट्रंकेत ठेवल्या, हे मला फार नंतर कळलं. का, तर व्याह्यांच्या घरी औषधं काढून बसायचं कसं? दुखणेकरी बाई आली बाळंतपण करायला, म्हणतील. मी दर गुरुवारी फोन करायचे. “घेतली का गोळी?” “घेतली की.” आवाज एवढा स्वच्छ, की संशय यायची सोयच नाही.

ज्येष्ठात परत आली तेव्हा बोटं पुन्हा धरलेली. मी म्हटलं, बाळाचं धुणं केलं असेल, पाण्यात हात गेले असतील. आमची वाफ्यातली रोपं तेव्हा वीतभर झाली होती. आत्या रोज सकाळी जाऊन त्यांच्यापुढं उभी राहायची आणि परत यायची.

आठवड्याभरानं तिचं तोंड आलं. ओठ, जीभ, टाळू, सगळीकडं फोड. आम्हाला वाटलं उष्णता झाली. मामांनी जाईचा पाला चावायला आणला. मी दुधात भाकरी कुस्करून दिली, तीही गिळेना. मग ताप. मग मी तिचं लुगडं बदलत होते तर मांडीवर काळेनिळे डाग. “कुठं पडलीस?” म्हटलं. तिनं मान हलवली, पडले नाही म्हणून. मी तिची औषधं ठेवायची ट्रंक उघडली. ओतूरला घालून दिलेली पाकिटं तिथं, रिकामी, आणि संपलेली पाकिटं इतक्या लांबून कोणी परत आणत नाही.

“आत्या, ह्या गोळ्या कुठं गेल्या?”

तिला बोलताना दुखत होतं. तरी अगदी समजावून सांगितलं तिनं मला, लहान पोरीला सांगावं तसं. “वतूरला चार गुरुवार राहिले व्हते. ते फेडले. एका दिशी एक.”

“रोज?”

“दुप्पट न्हाई घेतली गं. बाई न्हाई म्हनल्या व्हत्या. एका दिशी एकाच गुरुवारची घेतली. मग ह्या गुरुवारची ह्या गुरुवारी. आता काय बी बाकी न्हाई.”

मी तिच्यावर ओरडले. ताप अंगात असलेल्या, तोंडातून रक्त येणाऱ्या बाईवर ओरडले. “अगं ती काय ठकूबाईची आवणी हाय का फेडायला? तू काय केलंस, तुला कळतंय का?” ती माझ्याकडं बघत राहिली. खरंच कळत नव्हतं तिला. राहिलेलं फेडलं, यात ओरडण्यासारखं काय? जन्मभर तिनं दुसरं केलंच काय होतं.

मंचरला बाईंनी रक्ताचा कागद बघितला आणि पाकीट बघितलं. मी सांगितलं काय झालं ते. बाई म्हणाल्या, पांढऱ्या पेशी फार उतरल्यात, आठवड्याचं औषध रोज घेतलं की असंच होतं, आणि लाल गोळीनं मूत्रपिंड आधीच थकलेलं, त्यामुळं औषध बाहेर पडलं नाही, अंगात साठलं. ओतूरहून आल्यावर ती लाल गोळीही घेत होती, हे मला तिथं कळलं. पुण्याला न्या, म्हणाल्या, आत्ता. मी तिकडं फोन करते.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. आम्ही तोंडाला फडकं बांधून एकेकटं जायचं. दंडातून औषध चालू, त्या गोळीचा उतारा. मामा बाहेरच्या बाकावर बसून असायचे, कोणी उठा म्हटलं की उठायचे, बसा म्हटलं की बसायचे. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. बापाच्या बहिणीला मी भाऊबीजेला ओवाळताना बघितलेलं, ती अशी कापसागत पडलेली.

सगळ्यात वाईट म्हणजे तिकडं पाऊस लागला होता आणि तिला तो खिडकीतून दिसायचा. तोंडात फोड, बोलता येत नाही. हातानं रोप लावल्याची खूण करायची आणि डोळ्यांनी विचारायची. मोहितनं एक दिवस सांगितलं. “आई, तू काळजी करू नको. ठकूबाई आन् समद्या आल्या व्हत्या. आपली आवणी झाली. त्यांच्या आधी आपली केली.”

मला वाटलं तिला बरं वाटेल. तिनं तोंड भिंतीकडं केलं. दिवसभर दूध घेतलं नाही.

वाचली ती. पेशी हळूहळू वर आल्या, तोंड बरं झालं. ती गोळी आता तिला कायमची बंद. बाईंनी दुसरी दिलीय, रोजची, ती चालू असताना अधूनमधून डोळे तपासावे लागतात. या गोळीचा जोर तेवढा नाही. दुखलं तर साधी पॅरासिटॅमॉल, लाल गोळीचं नाव काढायचं नाही. हात किती सुधारतील विचारलं तर बाई म्हणाल्या, आहेत तेवढे टिकवू. डाव्या हाताची बोटं तोवर बाजूला कलंडायला लागली होती.

घरी आलो तेव्हा आमची खाचरं हिरवीगार, आणि वरच्या अंगाच्या घरांची आवणी अजून चालूच होती. आत्या ओट्यावर बसली, खाचराकडं बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

“एवढ्या पाळ्या कोन फेडनार?”

मी म्हटलं, “मी फेडीन की. मी मेले का?”

आणि गेले मी. रोज सकाळी पावसाचं इरलं घेऊन निघायचे. आज ठकूबाईकडं, उद्या तिच्या जावेकडं. माझी आणि आत्याची, दोघींची. संध्याकाळी आले की ती विचारायची आज कोणाची झाली, आणि मनातल्या मनात एक उतरवायची. तिचा चेहरा रोज थोडा हलका व्हायचा. ते बघायला मला बरं वाटायचं, म्हणून काही गोष्टी मी बोलले नाही. आठ-दहा दिवस झाले असतील. माझी बोटं सकाळी धरायची. म्हटलं चिखलपाण्यात दिवसभर, सगळ्यांचीच धरतात. ठकूबाईचीही धरतात. पण ठकूबाईची चुलीपुढं शेकली की सुटायची. माझी दहा-अकरा वाजेपर्यंत सुटायची नाहीत, आणि रोप उपटताना मी दातांवर दात दाबून धरायचे.

त्या दिवशी सकाळी आत्या ओट्यावर, मी दारात उभी राहून चहा पीत होते. ती माझ्याकडं बघत होती. बघतच राहिली. मला कळेना काय झालं. मग मीच खाली बघितलं, तर कप मी दोन्ही हातांनी धरला होता.

“मूठ वळ,” ती म्हणाली.

“गार लागतंय वो.”

“वळ म्हनते.”

मी कप खाली ठेवला. उजवी अर्ध्यात थांबली, डावी त्याच्याही अलीकडं. दोघी बघत राहिलो. तिनं तिच्या वाकड्या बोटांनी माझे सांधे दाबून बघितले, मंचरच्या बाई दाबायच्या तसे, एकेक. सारखे होते. दोन्हीकडचे सारखे आणि गरम. ती हे दुखणं ओळखायला चुकणार नव्हती. रक्त एकच आमचं.

“कवापास्नं?”

“झाले थोडे दिवस.”

ती रागावली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, मी ओरडले होते तशी. ती भिंतीला धरून उठली, पदर डोक्यावर घेतला आणि चालायला लागली. तेव्हा तिला अंगण ओलांडायलाही धाप लागायची. मी मागं मागं, “अवो कुठं चाललाय, अगं थांब की.” ती थांबली नाही. ठकूबाईच्या दारात बायका जमल्या होत्या, इरली घेऊन, निघायच्या तयारीत. त्या दिवशी ठकूबाईच्या दिराच्या खाचरात होती आवणी. कोंडाबाई घराबाहेर पडलेली बघून सगळ्या तिच्याकडं वळल्या.

“आज परतिभा यायची न्हाई,” आत्या माझ्याकडं हात करून म्हणाली. “उद्या बी न्हाई. तिला मंचरला न्यायचीय, बाईंकडं.”

ठकूबाईनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. “आत्ता गं बया. बरं, जाऊन या. मागनं देईल की पाळी, काय घाई न्हाई.”

“न्हाई,” आत्या म्हणाली. “मागनं बी न्हाई. ज्या राहिल्यात त्या राहिल्यात. माझ्या बी आन् तिच्या बी. फेडायच्या न्हाईत. तुमाला चालनार आसंल तर पुढल्या साली आमच्यात या, नसंल चालनार तर नका येऊ.”

सगळ्यांसमोर तिनं ते सांगितलं, ज्यांच्याकडं तिचा जन्म गेला एक दिवस बाकी न ठेवता. आणि सांगून झाल्यावरही ती तिथंच उभी राहिली, कोणीतरी काहीतरी म्हणेपर्यंत. शेवटी ठकूबाई म्हणाली, “बरं बाई, राहू दे,” आणि इरलं डोक्यावर घेतलं.

येताना आत्यानं माझा हात धरला. तिची बोटं वाकडी, माझी सुजलेली, धड धरता दोघींनाही येईना. घरी आल्यावर तिनं मामांना एसटी किती वाजता आहे ते बघून यायला सांगितलं.